फ्रीजबाहेरचं रक्त

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली खेडी रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड जोडपी ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्याच सुमाराला इथल्या कारखान्यांचीही धुराडी पेटतात. तेलगावजवळ सुंदरनगरला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात या भागातल्या रस्त्यांवरून रात्रभर उसाच्या ट्रॉल्या जातात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर गाडीच्या रुंदीबाहेर आलेला ऊस, आणि कितीतरी ट्रॉल्यांच्या मागे दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड याच पट्ट्यात येतं. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. पण रक्तपेढी म्हटली की माणसाच्या डोळ्यांपुढे बीड किंवा अंबाजोगाईच येते.

अशा रस्त्यावर अंधारात मोटारसायकल ट्रॉलीवर आदळली की काय होतं, हे इथल्या कुणालाही विचारून समजावून घ्यायची गरज नाही. शरीराच्या आत काय होतं, ते मात्र समजून घ्यायला हवं. साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण चार लिटर रक्त असतं. मांडीचं हाड मोडलं तर मांडीतल्या मांडीत लिटरभर रक्त सहज साठतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. पोटात प्लीहा फाटली असेल तर किती वाहिलं त्याचा अंदाजच येत नाही. एक-तृतीयांश रक्त गेलं की नाडी पळायला लागते, अंग गार पडतं, माणूस बरळतो. त्यापुढे एक दुष्टचक्र सुरू होतं. शरीर थंड पडतं, रक्तात आम्ल वाढतं आणि रक्ताची गोठण्याची ताकद जाते. न गोठणारं रक्त आणखी वाहतं. अपघाती मृत्यूंपैकी तीस ते चाळीस टक्के मृत्यूंच्या मुळाशी रक्तस्राव असतो. यातली पुष्कळ माणसं वाचण्यासारखी असतात. रक्तस्राव वेळेत थांबला आणि गेलेलं काही प्रमाणात भरून निघालं, तर ती घरी परततात.

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका धावते. सुरुवातीला अख्ख्या महाराष्ट्रासाठी ९३७ गाड्या होत्या. गाडीत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो, सलाईन असतं. रक्त नसतं, आणि ते का नसतं याचं उत्तर सोपं आहे. तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. ती ३५ दिवस टिकते, पोषक द्रावण घातलं तर ४२ दिवस. देण्याआधी गट पाहायचा, रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहायचं, एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग, हिवताप यांच्या तपासण्या झालेल्या असायच्या. मे महिन्यात चाळिशीपार जाणारा पारा आणि वीज कधी जाईल याचा नेम नसलेला फीडर, अशा ठिकाणी ही साखळी टिकवणं फार कठीण. म्हणून जखमी माणसाला रक्ताकडे न्यावं लागतं, रक्त त्याच्याकडे येत नाही. माजलगाव, मग बीड, नाहीतर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. प्रत्येक टप्प्यावर स्ट्रेचर बदलतं, कागद बदलतात आणि माणसाच्या अंगातून रक्त जातच असतं.

मग फ्रीज नको, गट नको, कपाटात वर्षभर ठेवावं आणि लागेल तेव्हा शिरेत सोडावं, असं काही बनवता येणार नाही का? वैद्यकशास्त्र शंभर वर्षं या प्रश्नामागे लागलेलं आहे. या शोधाची कहाणी मराठी वाचकापर्यंत फारशी आलेली नाही, आणि तिचा सगळ्यात जवळचा संबंध दिंद्रुडसारख्या गावांशी आहे असं माझं ठाम मत आहे.

रक्त जखमीकडे न्यायला हवं, ही गोष्ट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर करून दाखवली ती नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या सर्जनने. १९३६ साली स्पेनच्या यादवी युद्धात त्याने माद्रिदमध्ये फिरती रक्त संक्रमण सेवा उभी केली. शहरात दात्यांकडून रक्त घ्यायचं, बाटल्या थंड ठेवायच्या आणि गाडीने आघाडीवर पोचवायच्या. पुढे तो चीनमध्ये गेला आणि १९३९ साली शस्त्रक्रिया करताना झालेल्या जंतुसंसर्गाने तिथेच वारला. त्याच्या नावाने निघालेल्या रुग्णालयाची धुरा ज्याने वाहिली तो आपल्या सोलापूरचा, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातला हा तरुण १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेला. कोटणीसांना आपण त्यागासाठी आठवतो, ते योग्यच आहे. पण जखमी जिथे पडला तिथे उपचार गेला पाहिजे, हा त्या रुग्णालयाचा आग्रह होता, आणि बीड जिल्ह्यात आजही तोच प्रश्न उभा आहे.

गट जुळण्याचा पेच किती खोल असू शकतो, हे तर मुंबईनेच जगाला दाखवलं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा निबंध लिहिला. रक्ताची गरज पडलेल्या रुग्णांमध्ये एक रेल्वेचा जखमी कामगार होता आणि एकाला भोसकलेलं होतं. कुणाचंच रक्त त्यांना जुळेना. त्यांच्या पेशींवर ए, बी तर नव्हतेच, पण ओ गटाच्या माणसातही असणारा एच हा पायाभूत घटकसुद्धा नव्हता. हाच 'बॉम्बे' रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असावा असा अंदाज आहे. साध्या तपासणीत हा माणूस ओ गटाचा दिसतो, आणि त्याला ओ गटाचं रक्त दिलं तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. मुंबईतल्या संशोधकांनी लावलेला हा शोध आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

गटाची सगळी भांडणं तांबड्या पेशीच्या आवरणावर चालतात. आतलं हिमोग्लोबिन सगळ्यांचं सारखंच. म्हणून संशोधकांना पहिल्यांदा सुचलं ते हेच की आवरण काढून टाकावं आणि नुसतं हिमोग्लोबिन द्यावं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं, सलाईन त्याच्या जवळपासही जात नाही. अमेरिकेतल्या विल्यम अँबर्सनने १९३०च्या दशकापासून यावर काम केलं आणि १९४९ साली माणसांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यात बाळंतपणानंतर रक्त वाहून मरणाच्या दारात पोचलेली एक स्त्री होती. रक्त संपलं तेव्हा तिला हिमोग्लोबिनचं द्रावण दिलं. तिचा रक्तदाब परत आला, ती शुद्धीवर आली. काही दिवसांनी मूत्रपिंडं निकामी होऊन ती गेली. या एका रुग्णात पुढच्या पन्नास वर्षांची आशा आणि निराशा दोन्ही होत्या.

पेशीच्या बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन तुटतं, त्याचे तुकडे मूत्रपिंडांत अडकतात. हे लवकर लक्षात आलं आणि रसायनांनी रेणू एकमेकांना बांधून त्यावर उपायही निघाला. दुसरी गोष्ट उशिरा कळली. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात सोडत असतं आणि त्यामुळे वाहिन्या सैल राहतात. मोकळं हिमोग्लोबिन हा वायू गिळून टाकतं. वाहिन्या आवळतात, रक्तदाब वाढतो, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं. नायट्रिक ऑक्साइडचं काम १९८०च्या दशकात उलगडलं आणि त्याला १९९८ चं नोबेल मिळालं. त्याच १९९८ साली बॅक्स्टर कंपनीच्या हिमोग्लोबिनच्या द्रावणाची अपघातातल्या जखमींवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्यांचं द्रावण घेतलेल्या ५२ जणांपैकी २४ दगावले होते. सलाईन घेतलेल्या ४६ जणांपैकी ८.

एवढं झाल्यावर सगळे थांबले असतील असं वाटेल. थांबले नाहीत. एड्सच्या भीतीने रक्त देणं-घेणं धास्तीचं झालं होतं, सैन्याला युद्धभूमीवर काहीतरी हवं होतं आणि गुंतवणूकदारांचे पैसे अडकलेले होते. नॉर्थफील्ड कंपनीच्या 'पॉलिहीम' या तशाच द्रावणाची चाचणी २००३ ते २००६ या काळात अमेरिकेतल्या अनेक शहरांत ७१४ जखमींवर झाली. जखमी बेशुद्ध असतो म्हणून त्याची संमती आधी घेतली नव्हती. तिथल्या नियमांत गावसभा घेऊन, जाहिराती देऊन ही सूट मिळते. ज्याला प्रयोगात पडायचं नाही त्याने मनगटात निळी पट्टी बांधून फिरायचं. रस्त्यावर रक्त नसतं तिथे हे समजू शकतं. पण रुग्णालयात पोचल्यावर, समोर रक्तपेढी असतानाही, बारा तासांपर्यंत रक्ताऐवजी हेच द्रावण देण्याची मुभा प्रयोगात होती. यावर खूप वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. पॉलिहीमच्या गटात १३.४ टक्के मृत्यू झाले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ९.६ टक्के. परवानगी मिळाली नाही.

२००८ मध्ये चार्ल्स नॅटन्सन आणि सहकाऱ्यांनी अशा वेगवेगळ्या द्रावणांच्या १६ चाचण्या, ३,७११ रुग्ण, एकत्र करून पाहिले. मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराच्या झटक्याचा २.७ पट. ही बेरीज २००० सालीच करता आली असती. पण कंपन्यांनी आपापले निकाल वेळेवर प्रसिद्ध केले नव्हते. मधल्या आठ वर्षांत ज्यांना हे द्रावण टोचलं गेलं त्यांच्या बाबतीत हा अक्षम्य अपराध आहे. ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. उद्या असं औषध भारतात आलं तर त्याची चाचणी ज्यांच्यावर होईल, त्यांत बीडचा मजूर नक्की असेल. त्याच्या मनगटात पट्टी कोण बांधणार? त्याच्या गावात सभा कोण घेणार, आणि तो तेव्हा कोल्हापूरच्या फडात असेल तर?

दुसरी एक वाट फ्लोरिनयुक्त तेलांची होती. १९६६ साली लीलँड क्लार्कने अशा द्रवात बुडवलेला उंदीर श्वास घेत जिवंत राहतो हे दाखवलं. त्यातून निघालेलं 'फ्लुओसोल' १९८९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि पाच वर्षांत बाजारातून गेलं. गाईच्या हिमोग्लोबिनपासून केलेलं 'हेमोप्युअर' दक्षिण आफ्रिकेत २००१ साली मंजूर झालं. ते साध्या तापमानाला तीन वर्षं टिकतं. आपल्याकडे ते गाईच्या रक्तापासून आहे म्हटल्यावर दाराबाहेरच राहील, हे उघड आहे.

खरी वाट आवरण परत आणण्याची निघाली. तिची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या खोलीत झाली होती. १९५७ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस चँगने वसतिगृहातल्या आपल्या खोलीत अत्तराचा फवारा आणि कोलोडियन वापरून कृत्रिम पेशी बनवल्या. पातळ पडद्याच्या आत हिमोग्लोबिन. तेव्हा ते फार लवकर निघालेलं काम होतं. नुसत्या हिमोग्लोबिनची सगळी प्रकरणं अंगाशी आल्यावर जग त्याच्याकडे वळलं.

आज या वाटेवर दोन ठिकाणी काम बरंच पुढे गेलेलं आहे. जपानमध्ये नारा वैद्यकीय विद्यापीठात हिरोमी साकाई यांनी मुदत संपलेल्या दान रक्तातून हिमोग्लोबिन काढून चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलं. रंग जांभळट, गट नाही, आणि साध्या तापमानाला दोन वर्षं टिकतं. पहिल्या टप्प्यात १२ निरोगी स्वयंसेवकांना १० ते १०० मिलिलिटर दिलं गेलं आणि २०२२ मध्ये निकाल आले. काही जणांना ताप, पुरळ असे सौम्य त्रास झाले, गंभीर काही नाही. २०२५ मध्ये ४०० मिलिलिटरपर्यंतच्या मात्रेची पुढची चाचणी सुरू झाली. फेकून द्यायच्या पिशवीतून हे बनतं, ही मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. आपल्याकडेही रक्तपेढ्यांत पिशव्या मुदतबाह्य होतात.

दुसरं ठिकाण अमेरिकेतलं बाल्टिमोर. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हणणारे आर. ॲडम्स काउली इथलेच. तिथल्या मेरीलँड विद्यापीठातले डॉ. ॲलन डॉक्टर आणि त्यांचे सहकारी डॉ. दीपांजन पान यांनी 'एरिथ्रोमर' नावाचे कण बनवले आहेत. फुप्फुसात ऑक्सिजन घट्ट धरायचा आणि जिथे आम्ल वाढलेलं आहे तिथे, म्हणजे ऑक्सिजनला भुकेलेल्या पेशींपाशी, सोडायचा, अशी त्यांची रचना आहे. कणाचं आवरण हिमोग्लोबिनला नायट्रिक ऑक्साइडपासून दूर ठेवतं. ते सुकवून त्याची पूड करता येते, आणि पाणी घातलं की वापरायला तयार. २०२३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने याला आणि सोबत कृत्रिम प्लेटलेट व सुकवलेला प्लाझ्मा जोडून संपूर्ण रक्ताचा पर्याय करण्यासाठी ४ कोटी ६४ लाख डॉलर दिले. काम अजून प्राण्यांवर आहे. पैसा सैन्याचा आहे, समोर सैनिक आहे. पण रक्त तासाभरावर आहे, गाडीत फ्रीज नाही आणि गट पाहायला वेळ नाही, अशी अवस्था युद्धभूमीइतकीच मराठवाड्याच्या रस्त्यावर असते.

भारतातलं एक काम वेगळ्या दिशेचं आहे. 'सेंथाक्विन' हे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत रक्तदाब कमी करणारं रसायन म्हणून अभ्यासलं गेलं होतं. डॉ. अनिल गुलाटी यांनी पुढे अमेरिकेत दाखवलं की अगदी थोड्या मात्रेत ते उलटं काम करतं. ते शिरा आवळून अंगात उरलेलं रक्त हृदयाकडे परत आणतं, आणि धमन्या आवळणाऱ्या औषधांसारखी अवयवांची उपासमार करत नाही. भारतात झालेल्या चाचण्यांवर २०२० मध्ये अंगातलं रक्त किंवा द्रव कमी पडून येणाऱ्या शॉकसाठी याला मंजुरी मिळाली. तिसऱ्या टप्प्यात जेमतेम १०५ रुग्ण होते. एवढ्यावर ते जीव वाचवतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, मोठी चाचणी हवीच. पण दिशा योग्य आहे, कारण गेलेलं रक्त परत येईपर्यंत उरलेल्यावर निभावून नेणं हेच खेड्यातलं पहिलं काम आहे.

इथे सलाईनबद्दल बोललं पाहिजे. आपल्याकडे सलाईनवर लोकांची श्रद्धा आहे. 'दोन बाटल्या चढवल्या' म्हणजे उपचार झाला. १९९४ साली ह्यूस्टनमध्ये छाती-पोटाला गोळी किंवा सुरी लागलेल्या ५९८ जणांवर केलेल्या अभ्यासात, वाटेतच भरपूर सलाईन दिलेल्यांपैकी ६२ टक्के वाचले आणि शस्त्रक्रियेपर्यंत थांबलेल्यांपैकी ७० टक्के. पाणी भरल्याने दाब वाढतो, धरलेली गुठळी सुटते, उरलेलं रक्त पातळ होतं आणि अंग गार पडतं. प्रत्येक जखमीला हे जसंच्या तसं लागू नाही. डोक्याला मार असेल तर रक्तदाब फार खाली जाऊ देता येत नाही. तरीही रक्तस्राव न थांबवता बाटल्यांवर बाटल्या चढवणं घातक आहे, हे आता जगभर मान्य आहे.

या सगळ्या शोधात खेड्यासाठी सर्वांत जास्त काम केलं ते एका जुन्या, साध्या औषधाने. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानच्या उताको ओकामोतो यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका होत्या. झालेली गुठळी विरघळू न देणं एवढंच ते करतं. २०१० मध्ये ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २०,२११ जखमींवर झालेल्या 'क्रॅश-२' चाचणीत, पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने घटले. तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान दिसलं. या चाचणीत भारतातलेही हजारो रुग्ण होते. २०१७ मध्ये वीस हजारांवर बाळंतिणींवर झालेल्या चाचणीतही लवकर दिलेल्या मात्रेने रक्तस्रावाचे मृत्यू कमी झाले. औषध स्वस्त आहे, फ्रीज लागत नाही, आणि मासिक पाळीच्या अतिस्रावासाठी त्याच्या गोळ्या तालुक्याच्या औषध दुकानात आजही मिळतात. उशिराच्या प्रत्येक पंधरा मिनिटांनी फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. म्हणून हे इंजेक्शन अंबाजोगाईत असून भागत नाही, ते १०८ च्या पेटीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर असायला हवं.

बाळंतिणीचं नाव इथे सहज आलेलं नाही. अँबर्सनची ती रुग्ण, ओकामोतोंच्या डोळ्यांपुढच्या त्या बायका, आणि आपल्याकडची फडावर सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलणारी बाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईचं अर्धा लिटर रक्त गेलं की तिची अवस्था तेराच्या बाईपेक्षा कितीतरी आधी बिघडते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये चर्चेत आल्या. तेव्हा सरकारी समितीने केलेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या आणि रक्ताच्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिलं, ते यात दिसतं.

चांगलं उत्तर जवळच मिळालं होतं. सीमाभागातल्या बेळगावात, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. कोडकणी आणि डॉ. गौडर यांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर खेड्यांतल्या १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी केली. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. गोळ्या देणाऱ्या नर्सबाई होत्या, मोठे डॉक्टर नव्हे. रक्त किती गेलं हे नजरेने ठरवण्याऐवजी त्यांनी बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवली, आणि मोजल्यावर कळलं की नजर नेहमी कमी सांगते. रक्ताच्या पर्यायाइतकंच हे संशोधन मोठं आहे, असं मी मानतो.

आता कायद्याची गोष्ट. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' प्रकरणात रक्तविक्री बंद करण्याचे आदेश दिले आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक दाते थांबले. ते अगदी आवश्यक होतं. त्याच ओघात परवाना असलेल्या रक्तपेढीशिवाय रक्त घेऊन देणं बेकायदा ठरलं. त्याआधी ग्रामीण सर्जन अडल्या वेळी नातेवाइकाचं रक्त तपासून तिथल्या तिथे चढवत आणि जीव वाचवत. सीमेवरच्या लष्करी रुग्णालयांना औषध नियमांच्या 'अनुसूची के'मध्ये ही सूट आहे. आदिवासी पाड्यावरच्या किंवा मराठवाड्याच्या आडगावातल्या डॉक्टरला नाही. ग्रामीण सर्जनांची संघटना वर्षानुवर्षं हीच सूट मागते आहे. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर याच परंपरेतले. हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरून त्यांनी गरिबाला शस्त्रक्रिया परवडेल अशी केली आणि जगाने ते उचललं. डॉ. नकुल रायकर, डॉ. नोभोजित रॉय आणि इतरांनी रक्त वेळेत मिळत नाही अशा प्रदेशांना 'रक्ताचं वाळवंट' म्हटलं आहे. त्यांच्या गटाने २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये तीन उपाय सुचवले: तपासून तयार ठेवलेले स्थानिक दाते, शस्त्रक्रियेत पोटात साठलेलं रुग्णाचंच रक्त गाळून परत देणं, आणि ड्रोनने रक्त पोचवणं. रवांडात २०१६ पासून ड्रोनने रक्त जातं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये दिल्ली परिसरात रक्ताच्या पिशव्या उडवून पाहिल्या. फ्रान्सचं सैन्य सुकवलेला प्लाझ्मा वापरतं. तो साध्या तापमानाला दोन वर्षं राहतो आणि पाणी घातल्यावर सहा मिनिटांच्या आत तयार होतो. यातलं काहीही स्वप्नातलं नाही.

रक्ताची पूड येईल, बहुधा येईल. बाल्टिमोर किंवा नारा, कुठूनतरी. पण तिच्यासाठी थांबून राहणं योग्य नाही, आणि आली तरी पहिल्या दिवशी ती दिंद्रुडला पोचणार नाही. तोवरची कामं हातातली आहेत. ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी लावल्याशिवाय कारखान्याने ऊस उतरवून घेऊ नये. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि ते सारखं उचलून पाहायचं नाही, हे शाळेत नववीच्या मुलांनाही शिकवता येतं. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवू शकत नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने हे संरक्षण दिलं आहे, आणि २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. हे ठाण्याबाहेर आणि कारखान्याच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. आरोग्य केंद्रात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आहे का, हे ग्रामसभेत विचारायला हवं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला हवं.

आणि वाचकांना एक विनंती. दिवाळीत महाविद्यालयांना सुट्ट्या असतात, रक्तदान शिबिरं थांबतात आणि रक्तपेढ्यांतला साठा खाली येतो. ऊसतोडीचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. तुमचं वय १८ ते ६५ च्या मधलं असेल, वजन ४५ किलोंच्या वर असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर या आठवड्यात जवळच्या रक्तपेढीत जाऊन एक पिशवी रक्त द्या.